‘स्विस मित्र’: जिनिव्हातलं एक प्रकरण

जिनिव्हा तसं लहान शहर. सोळा चौरस किलोमीटरच्या आत सगळं आटोपतं. वस्ती दोन लाखांच्या थोडी वर, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या निम्म्याहून कमी. या वस्तीतल्या जवळपास निम्म्या लोकांकडे स्विस पासपोर्ट नाही. संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय इथे, जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, जागतिक व्यापार संघटना, निर्वासितांचं उच्चायुक्तालय आणि रेड क्रॉसही इथेच, आणि फ्रान्सच्या हद्दीला टेकून सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. सकाळच्या ट्रामच्या एका डब्यात सहा-सात भाषा कानावर पडल्या तरी कोणी मान वर करत नाही.

मिश्र जोडप्यांचंही तसंच. उन्हाळ्यात पाकी भागातल्या धक्क्यावर तळ्यात पाय सोडून बसलेली निम्मी जोडपी दोन वेगळ्या खंडांतली असतात. कोणी टक लावून पाहत नाही, कोणी टोमणा मारत नाही. ज्या मुली आपल्या गावात मित्रासोबत चहालाही जाताना चार वेळा विचार करायच्या, त्यांना हे शहर काय देतं ते मी जवळून पाहिलं आहे. बाहेरून इथे आलेल्या लोकांसाठी समुपदेशन करणं हेच माझं काम आहे.

पण या शहराची आणखी एक रीत आहे. नवी ओळख झाली की नावगावानंतरचा प्रश्न असतो, ‘किती दिवस आहात इथे?’ कोणाचा करार अकरा महिन्यांचा, कोणाचा दोन वर्षांचा. नाती जुळतात तीही तेवढ्या मुदतीची धरून. रंग, धर्म, देश कशाचाच अडसर येत नाही, कारण कोणी कोणाच्या आईवडिलांपर्यंत पोचतच नाही. नातं मुदतीपलीकडे टिकायला लागलं, की इतके दिवस बाजूला राहिलेलं सगळं एकदम समोर येतं. पुढच्या प्रकरणात तेच झालं. दोघांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

ती सांगलीची. वडील माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. आई घर सांभाळते. मुलीने पुण्यात संख्याशास्त्रात एमएस्सी केलं, दिल्लीत नोकरी केली, आणि तिशीच्या उंबरठ्यावर इथल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत आकडेवारीच्या विभागात लागली. अशा नोकरदारांना स्विस परराष्ट्र खातं एक ओळखपत्र देतं. त्याला लेजिटिमेशन कार्ड म्हणतात, बोलण्यात नुसतं ‘कार्ड’. या गावात कार्डाला मान आहे. पण ते नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी संपली की कार्ड परत.

तो इथेच जन्मला. आईवडील काँगोच्या किन्शासाहून आलेले. वाढला ल लिन्यों वसाहतीत. साठच्या दशकात बांधायला घेतलेली ती एकच इमारत किलोमीटरभराहून लांब आहे आणि तिच्यात हजारो माणसं राहतात. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी आईबापांच्या मुलाला नुसतं तिथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, अर्ज करावा लागतो. त्याच्या घरच्यांना ते मिळालं तेव्हा तो शाळेत होता. आता तो बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना गणित शिकवतो. दोघांची ओळख झाली शाळेच्या जिममधल्या बॅडमिंटन क्लबात. ती शाळेपासून खेळणारी, तो नवशिका. तिने त्याला सर्व्हिस शिकवली, त्याने तिला फ्रेंच. दीड वर्ष छान गेलं, यावर दोघांचंही एकमत आहे.

२०२५ च्या सुरुवातीला ती दोघं माझ्याकडे आली, तेव्हा प्रश्न अगदी मोजका होता. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, परदेशी मदत थांबवली, आणि जिनिव्हातल्या संस्थांमध्ये एकामागून एक कपात सुरू झाली. तिचा करार जूनअखेर संपणार होता आणि पुढे वाढणार नाही असं तिला सांगितलं होतं. युरोपाबाहेरच्या माणसाला इथे साधी नोकरी मिळवायची तर स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही हे मालकाला दाखवावं लागतं, शिवाय परवान्यांचा कोटा ठरलेला. उरला एक मार्ग. स्विस नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला राहण्याचा परवाना मिळतो.

“लग्न करायचं की नाही, एवढंच ठरवायचंय,” ती म्हणाली. तो खिडकीबाहेर बघत होता.

मी दोघांना वेगवेगळं भेटले. त्याने पहिल्याच भेटीत गाडीतला प्रसंग सांगितला. तिने तो सांगितलाच नव्हता, तिच्या लेखी तो मिटला होता.

जिनिव्हातले लोक किराणा आणायला फ्रान्समध्ये जातात, तिकडे बरंच स्वस्त पडतं. २०१९ च्या डिसेंबरात लेमाँ एक्सप्रेस सुरू झाल्यापासून आनमासला लोकलने जाऊन येता येतं. आदल्या शरद ऋतूतल्या एका शनिवारी ही दोघं दोन सारख्या पिशव्या भरून परत येत होती. हद्द ओलांडल्यावर गणवेशातले दोघे डब्यात आले. डबा भरलेला होता. ते थेट त्याच्यापाशी थांबले, कागद मागितले, पिशवी उघडायला लावली, कोंबडीचं पाकीट हातात घेऊन वजन वाचलं. माणशी एक किलो मांस आणता येतं, ते तेवढंच होतं. ओळखपत्र स्विस निघालं तरी ‘राहता कुठे, आलात कुठून’ चालूच. तिला कोणी काही विचारलं नाही, तिची पिशवी तशीच. मग तिने पर्समधून आपलं कार्ड काढलं, पुढे केलं आणि म्हणाली, “हा माझ्यासोबत आहे.” कार्ड बघताच आवाज बदलले, “मादाम, शुभ दुपार,” आणि दोघे पुढे गेले.

तिला वाटलं, आपण त्याला सोडवलं. तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. मला म्हणाला, “जन्म माझा इथला, आणि जामीन राहिली ती. तीन वर्षांपूर्वी आलेली.”

लहानपणापासून त्याला हे अनुभव आहेत आणि त्यांचा तो बाऊ करत नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने वा बाइल विरुद्ध स्वित्झर्लंड या खटल्याचा निकाल दिला. २०१५ मध्ये झुरिक स्टेशनवर कामाला जाणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्विस नागरिकाला पोलिसांनी अडवलं होतं. त्या प्रकरणात स्वित्झर्लंडने भेदभावाविरुद्धच्या हक्काचा भंग केला, असं न्यायालयाने ठरवलं. हा निकाल तो तारखेसकट सांगतो. ज्या शहरात हक्कांच्या परिषदा भरतात त्याच शहराच्या लोकलमध्ये हे घडतं, याचा मला आजही संताप येतो. पण त्याचा रोष गणवेशवाल्यांवर कमी होता. त्याला खुपलं ते हे, की तो प्रसंग तिला तिच्या बाजूने इतका सोपा वाटला.

आणि या दुखण्याखाली दुसरं होतं. ते बाहेर यायला आणखी काही भेटी लागल्या.

त्याच्याबद्दल घरी सांगायला तिने फार वेळ लावला नव्हता. “एक स्विस मित्र आहे, शिक्षक आहे, स्वभावाने चांगला आहे,” असं तिने आईला सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. आईने फोटो मागितला तेव्हा तिने लांबून काढलेला, बर्फातला, टोपी आणि गॉगल घातलेला फोटो पाठवला. सांगलीत सगळ्यांनी मनाशी जे चित्र रंगवायचं ते रंगवलं. मावशीने तर ‘आता नातवंडं निळ्या डोळ्यांची’ असंही म्हणून घेतलं. तिने हसून विषय बदलला. असे आठ महिने गेले.

२०२४ च्या दिवाळीत पाडव्याला व्हिडिओ कॉल झाला. आईने ओवाळणीचं ताट हातात धरलेलं, मागे आजी. तो पडद्यावर आला, हात जोडून “शुभ दीपावली” म्हणाला. त्याने ते पाठ केलं होतं. क्षणभर कोणी बोललं नाही. मग आई तिच्याकडे बघून मराठीत म्हणाली, “अगं, हा कोण? तो स्विस कुठाय?”

त्याला मराठी येत नाही. पण ‘स्विस’ हा शब्द त्याला कळला, आणि चेहरे कळले.

प्रकरणाचं मूळ इथे आहे, असं माझं मत झालं आणि ते आजही आहे. सीमेवरची माणसं परकी होती. इथे तिनेच, ज्याच्यावर जीव आहे त्याला आठ महिने लपवलं होतं. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. ती खूप रडली. “ताई, मला वाटलं आधी त्यांना तो माणूस म्हणून आवडू दे, मग बघतील.” हेतू वाईट नव्हता. पण ज्याचा चेहरा झाकून ओळख करून द्यायची, त्या माणसाला त्यातून काय समजतं, याचा विचार तिने केला नव्हता. तिला वाटत होतं ती त्याला आईवडिलांपासून वाचवते आहे. त्याला दिसत होतं की तिलाच लाज वाटते. दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या होत्या, आणि लाजेचा भाग तिने माझ्यासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केला. त्याला ते तिने फ्रेंचमध्ये, अडखळत सांगितलं. मी त्या वेळी खोलीत होते. तो म्हणाला, “आता निदान आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.”

सांगलीचा विरोध मात्र वेगवेगळी रूपं घेत राहिला. परक्या देशातला, परक्या धर्माचा, भाषा कळणार नाही, संस्कृती वेगळी, मुलांचं काय होणार. मग एका मामाने शोध लावला, की तो परवान्यासाठी मुलीला नादी लावतो आहे. ज्याच्याकडे पासपोर्ट आहे तो कागदांसाठी कशाला फसवेल? कागद हवे होते ते आपल्या मुलीला. पण त्या घरात एवढं साधं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण काळा माणूस म्हणजे काहीतरी मागायला आलेला, हे आधीच पक्कं होतं.

तिच्या आईने एकदा माझ्याशी बोलायची इच्छा दाखवली. “ताई, तुम्ही आपल्यातल्या आहात, तुम्ही तरी समजवा तिला.” मी ऐकून घेतलं. बाई प्रेमळ आहेत, घाबरलेल्या होत्या, आणि एकट्या पडल्या होत्या. नवरा गप्प, सासूबाई रुसलेल्या. बोलता बोलता त्यांच्या पुतण्याचा विषय निघाला. तो टेक्सासला असतो, त्याने तिथल्याच एका गोऱ्या मुलीशी लग्न केलं. सांगलीत मोठा स्वागतसमारंभ झाला, सुनेला नऊवारी नेसवून फोटो काढले, ते अजून दिवाणखान्यात आहेत. तीही परदेशी, परधर्माची, तिलाही मराठीचं अक्षर येत नव्हतं. मी विचारलं, “ताई, तिच्या वेळी हे सगळं का नाही आलं मनात?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ती गोरी आहे हो. लोक काही बोलत नाहीत.”

कटू वाक्य आहे. पण त्या दिवसापर्यंत त्या घरातलं हे पहिलं खरं वाक्य होतं. धर्म, भाषा, संस्कृती यांच्यावर दहा वर्षं वाद घालता येतो, कारण तो खरा आक्षेपच नसतो. रंगाचा आक्षेप रंगाचा म्हणून तोंडातून बाहेर पडला, की माणूस स्वतःच तो ऐकतो. आईंनी नंतर मुलीला फोन केला आणि तेच तिलाही सांगितलं, शब्द न बदलता. वर म्हणाल्या, “मला हे बरोबर वाटत नाही, पण माझ्याच्याने निघतही नाही.” आपल्या घरात मुलगी सावळी जन्मली तर हळद-बेसन लावत बसणारे आपण. हा आक्षेप कुठून येतो ते शोधायला लांब जावं लागत नाही.

त्याच्या आईचा विरोध वेगळ्या अनुभवातून आलेला होता, आणि त्याची माहिती सांगलीत कोणालाच नव्हती. किन्शासात भारतीय व्यापाऱ्यांची दुकानं आहेत. त्या लहानपणापासून ती पाहत आलेल्या. “ते आपल्याला दुकानात कामाला ठेवतात, घरात घेत नाहीत,” हे त्यांचं म्हणणं. मे २०१६ मध्ये दिल्लीत वसंत कुंजला काँगोच्या एका तरुण शिक्षकाला रिक्षावरून झालेल्या भांडणात मारून टाकलं. त्यानंतर किन्शासात भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले. ती बातमी त्यांच्या नात्यागोत्यात महिनोन्महिने फिरत होती. मुलगा भारतात जाणार म्हटल्यावर त्यांना पहिलं तेच आठवलं. दुसरी त्यांची धास्ती जिनिव्हाची होती: हे कार्डवाले लोक येतात, आपल्या मुलांसोबत दोन वर्षं हिंडतात आणि बदली झाली की जातात. हे त्यांनी आपल्या थोरल्या मुलीच्या बाबतीत पाहिलं होतं.

लग्नाच्या प्रश्नावर मी एरवी सल्ला देत नाही. इथे दिला. जूनअखेरच्या आत लग्न उरकू नका, असं सांगितलं. कायदेशीर अडचण होतीच. लग्न केवळ परवान्यासाठी आहे अशी शंका आली तर नोंदणी अधिकारी ते नाकारू शकतो, दोघांची वेगवेगळी चौकशी होऊ शकते. आणि तीन वर्षांच्या आत संसार मोडला तर परवाना टिकवणं अवघड. माझं खरं कारण मात्र दुसरं होतं. घाईत लग्न झालं असतं तर पुढे प्रत्येक भांडणात ‘कागदासाठी’ हा शब्द निघाला असता, दोन्ही घरांतून आणि कदाचित दोघांच्याही तोंडून. तिला हे पटायला वेळ लागला. कार्ड परत करून, खोली रिकामी करून, प्रियकराला सोडून सांगलीला जायचं, हे तिला हरल्यासारखं वाटत होतं. तो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा दिसला. म्हणाला, “शाळा सुटली की मी येतो.”

जुलैत तो सांगलीला गेला. हॉटेलात राहायचं ठरलं होतं. परदेशी पाहुणा घरी राहिला तरी यजमानाला तेव्हा ‘फॉर्म सी’ भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागायचं, आणि घरात या कटकटीचंच निमित्त पुढे केलं होतं. तो येण्याच्या दोन दिवस आधी वडिलांनी कोणाला न सांगता तो फॉर्म ऑनलाइन भरायला घेतला. पासपोर्टचा क्रमांक मुलीकडे मागितला तेव्हा तिला कळलं. तोवर या गृहस्थांनी बाजूने किंवा विरुद्ध एक शब्द काढलेला नव्हता.

तिथला मुक्काम गोड झाला असं मी लिहिणार नाही. बाजारात पोरं मागे लागली, मोबाइलवर फोटो काढले. गल्लीतल्या एकाने ऐकू जाईल असा घाणेरडा शब्द वापरला, आणि तो शब्द जगभर सारखाच असल्यामुळे त्याला कळला. आजी पहिले तीन दिवस खोलीतून बाहेर आल्या नाहीत. या वेळी मात्र ती गप्प राहिली नाही. फोटो काढणाऱ्यांना तिने थांबून जाब विचारला. आधी त्याला विचारलं, “मी बोलू का?” त्याने मान हलवली, मग बोलली. लोकलमधल्या प्रसंगानंतर आम्ही याच गोष्टीवर सर्वांत जास्त बोललो होतो: त्याच्या वतीने काही करायचं तर आधी त्याला विचारून.

वडील रोज संध्याकाळी त्याला आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला न्यायचे. सांगलीकर पावसाळ्यात तेच करतात. घराच्या भिंतीवरची २०१९ च्या महापुराची खूण त्यांनी दाखवली, तेव्हा पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आणि चालता चालता, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, मलिक अंबर सांगितला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा. शहाजीराजांनी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने तलवार गाजवली. इथिओपिया आणि काँगो यांच्यात केवढं अंतर आहे हे त्याने मास्तरांना सांगितलं नाही. मला त्याने फोनवर सांगितलं, “तीस वर्षं वर्गात हा इतिहास त्यांनी कौतुकाने शिकवला. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे तेवढंच होतं, ते त्यांनी दिलं.”

आईंनी त्याला जेवू घातलं, भाकरी थापायला शिकवली, निघताना हातावर दही ठेवलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एकही फोटो टाकला नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “थोडे दिवस दे मला.” तिने दिले. तो म्हणतो, मुदत ठरवून द्यायला हवी. या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे.

सध्या ती पुण्यात एका आरोग्यविषयक प्रकल्पावर काम करते. लग्नासाठीची पूर्वतयारी त्यांनी जिनिव्हाच्या नोंदणी कार्यालयात सुरू केली आहे, तिचे जन्माचे आणि अविवाहित असल्याचे कागद तपासणीत आहेत. आता त्यांच्यात वाद आहे तो घरावरून. जिनिव्हात रिकामं घर मिळणं महाकठीण, आणि ल लिन्योंमध्ये त्याच्या आईच्या मजल्यावर दोन खोल्या मिळण्यासारख्या आहेत. तिला तिथे जायचं नाही. कारण विचारलं तर ती आधी लांबचा प्रवास, मग जुनी लिफ्ट, मग शेजारचा गोंगाट अशी एकेक कारणं देत गेली. मी तिला म्हटलं, तुझ्या आईने जे केलं तेच कर, खरं कारण काय ते आधी स्वतःशी बोल. पुढची बैठक त्याच विषयावर आहे, आणि या वेळी त्याची आईही येणार आहे.